नेमबाजीसाठी नंबरचा चष्मा कसा करून घ्यायचा

२०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, गडी राधानगरी तालुक्यातला, म्हणजे आपल्या निपाणीपासून काय लांब न्हवे, आणि त्याच्या आधी २०१० ला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या होत्या. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळं फायरिंग आपल्याकडं कुणाला नवीन नाही, कॉलेजातली एनसीसीची पोरं पॉइंट टू टू रायफल चालवून आलेली असतात. आता खानापूर, चिक्कोडी, निपाणीकडची पोरंपण एअर रायफल, एअर पिस्तूल शिकायलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नंबर असतोय. मग आईबाप विचारतात, रोजचा चष्मा चालतोय की, वेगळा कशाला?

पिस्तूलवाल्याला सुरुवातीला चालतोय. रायफलवाल्याला बहुतेक वेळा नीट चालत नाही. पण वेगळा करायचाच ठरला तर नुसतं चष्म्याच्या दुकानात जाऊन "शूटिंगला पाहिजे" म्हणून काम होणार नाही, कारण दुकानदार सगळ्यांना करतो तसाच लांबचा नंबर पक्का बसवून देणार, सहा मीटरवरचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचता आला की त्याच्या हिशोबानं काम झालं. आपलं काम तिथं सुरू होतंय.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो. नेमबाजीचा चष्मा टार्गेटसाठी नसतोय, फ्रंट साइटसाठी, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाकडं नेम धरायची जी खूण असते तिच्यासाठी असतोय. डोळा एका वेळी एकाच अंतरावर पक्का फोकस करतो, आणि नेम धरताना मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन गोष्टी तीन अंतरावर असतात. यातली फ्रंट साइट स्वच्छ, धारदार दिसली पाहिजे, टार्गेट थोडं धुरकट दिसलं तरी चालतं, उलट पिस्तूलमध्ये तसं दिसायलाच पाहिजे. त्याचं कारण असं की फ्रंट साइट आणि रिअर साइट यांच्यात अर्धा मिलीमीटर जरी फरक पडला तरी तो टार्गेटवर कितीतरी पट वाढून जातो, आणि काळा गोल मात्र कडेला जरा पुसट दिसला म्हणून त्याचं मध्य शोधायला डोळ्याला अडचण येत नाही. पोरांना हे पटायला वेळ लागतो कारण सगळ्यांना टार्गेटच बघायचं असतंय.

आता लांबचा नंबर पूर्ण घालून फ्रंट साइट बघितली तर काय होतं? फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण पाऊण ते एक मीटरवर असते, तर तेवढा फोकस जवळ आणायला डोळ्यातलं भिंग आपोआप फुगतं, त्यासाठी आतला स्नायू ओढला जातो. चौदा वर्षांच्या पोराला हे कळतपण नाही, त्याचा डोळा लवचिक असतो. पण ६० शॉट्सची मॅच इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं चालते, आणि त्याआधी सायटर्सचा, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉट्सचा, वेळ असतो तो वेगळाच. शेवटच्या सिरीजपर्यंत, म्हणजे शेवटच्या दहा शॉट्सपर्यंत, तो स्नायू दमतो आणि साइट कधी स्वच्छ कधी पुसट असं व्हायला लागतंय. चाळिशीनंतर तर भिंग कडकच होत जातं, तेव्हा साइट दिसतच नाही नीट, आणि माणूस समजतो हात थरथरायलाय. हात नसतो थरथरत बऱ्याच वेळा, डोळा शोधत असतो.

म्हणून लांबच्या नंबरात थोडा प्लस मिसळायचा. किती, ते अंतरावरून काढता येतं, अवघड नाही. एक मीटर भागिले अंतर, एवढंच. समजा एअर पिस्तूल धरल्यावर डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंत ९५ सेंटीमीटर भरलं तर १ भागिले ०.९५ म्हणजे साधारण १.०५. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे ०.१०. या दोन्हीच्या मधोमध आलं साधारण ०.५७. नंबरच्या काचा पावाच्या पटीत मिळतात, तर तुम्हाला प्लस ०.५० नाहीतर प्लस ०.७५ यातलं एक घ्यायचं आलं. रायफलच्या मागच्या साइटला बघायला बारीक भोक असतं, तिला पीप साइट म्हणतात, त्यामुळं जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी एकत्र स्वच्छ दिसतं, तिथं प्लस ०.५० सहसा पुरतो. पिस्तूलला ओपन साइट, भोक नाही, तिथं फ्रंट साइटकडं जास्त झुकायचं म्हणून ०.७५ कडं कल ठेवायचा. २५ मीटरच्या पिस्तूलची साइट आणखी जवळ येते, ८० सेंटीमीटर भरली तर १.२५ होतात, तिथंही मधला आकडा ०.६५ च्या आसपास येतो म्हणजे ०.७५ च. वय जास्त असेल तर एक पायरी वर जाऊन बघायचं, पण बघूनच, अंदाजानं नाही.

हा प्लस कुठं मिसळायचा हे पण नीट समजून घ्या, कारण इथंच चिठ्ठीवर घोळ होतो. फक्त स्फेरिकल, म्हणजे चिठ्ठीवरच्या पहिल्या मुख्य नंबरात मिसळायचा. सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, आणि ॲक्सिस, म्हणजे त्याची दिशा, यांना हात लावायचा नाही. उदाहरण सांगतो, चिठ्ठीवर मायनस ३.००, सिलिंडर मायनस १.००, ॲक्सिस १७० असं असेल आणि प्लस ०.५० मिसळायचा ठरला तर नवीन नंबर मायनस २.५०, सिलिंडर मायनस १.००, ॲक्सिस १७०. मायनसवाल्याचा आकडा कमी झालेला दिसतो. आणि प्लस १.०० वाला असेल तर तो प्लस १.५० होणार. दुकानदार म्हणेल "अहो यानं लांबचं कमी दिसेल", तर त्याला सांगायचं की होय, मला एक मीटरवरचं पाहिजे. आणि हा चष्मा घालून गाडी चालवायची नाही.

हे सगळं करायच्या आधी मूळ नंबर बरोबर पाहिजे. मशीनवर डोळा लावून निघालेली चिठ्ठी हातात घेऊन यायचं नाही, माणसानं काचा बदलून बदलून तपासलेला नंबर घ्या. लहान पोरांचा नंबर डोळ्याच्या डॉक्टरांकडंच काढा, गरज असेल तर ते थेंब घालून तपासतात, कारण पोरं तपासताना नकळत फोकस ओढून धरतात आणि मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघतो. जास्तीचा मायनस नेमबाजाला सगळ्यात वाईट. थेंब घातलेल्या दिवशी प्रॅक्टिस नाही. शुगर असलेल्यांनी शुगर वरखाली होत असताना नंबर काढू नये, तिच्याबरोबर नंबरपण हलतो, आणि त्यांनी पडदा तपासून घ्यायला डॉक्टरकडंच जावं. दिवसभर मोबाईल बघून संध्याकाळी तपासायला जाण्यापेक्षा सकाळी जा. आणि कुठला डोळा मास्टर, म्हणजे मेंदू ज्याचं आधी ऐकतो तो, आहे ते आधी बघून घ्या, दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे छोटी फट ठेवायची, त्यातून लांबची एक वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला वस्तू फटीत राहते तो मास्टर. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा मास्टर असेल तर कोचशी बोलूनच पुढं जा, चष्मा नंतर.

आता दुकानात करायचं ते. पिस्तूल घेऊन खडेबाजारातल्या दुकानात जाऊ नका, एअर पिस्तूल असलं तरी लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी घरी नाहीतर रेंजवर, हत्यार रिकामं आहे याची स्वतः खात्री करून, तोंड सुरक्षित बाजूला ठेवून, रोजच्या पोझिशनमध्ये उभं राहा आणि दुसऱ्या कुणाकडून बाजूनं उभं राहून डोळ्याच्या कडेपासून फ्रंट साइटपर्यंत सुतळीनं अंतर मोजून घ्या. हत्याराच्या पुढं कुणीही यायचं नाही, मोजायला पण नाही. त्या अंतरावर सुतळीला गाठ मारायची. मग एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या स्केचपेननं साडेचार मिलीमीटर रुंदीची उभी पट्टी काढायची, वरची कड अगदी सरळ, म्हणजे ती आपली फ्रंट साइट झाली. आणि एका कागदावर ५९.५ मिलीमीटर व्यासाचा काळा गोल, एअर पिस्तूलच्या टार्गेटचा काळा भाग एवढाच असतो. रायफलवाल्यांनी ३०.५ मिलीमीटरचा काढायचा. सुतळी, पुठ्ठा आणि कागद, एवढं पिशवीत घालून दुकानात जायचं, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, गर्दी नसताना. मालकाला आधी विचारून ठेवलं तर बरं, बेळगावात कन्नड-मराठी दोन्ही बोलणारे चांगले जुने चष्मेवाले आहेत, नीट समजावून सांगितलं तर स्वतः रस घेऊन करतात.

ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे दुकानात काचा बदलून बघायच्या फ्रेममध्ये, नेमाच्या डोळ्याला पूर्ण लांबचा नंबर घालायला लावा. दुसऱ्या डोळ्यापुढं काळं झाकण घालतील ते नको म्हणा, पांढरा पातळ कागद लावा. काळोख केला की त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर नेमाच्या डोळ्याचीपण होते, मग रेंजवर दिसतं तसं इथं दिसणार नाही. काळा गोल दुकानाबाहेर समोरच्या भिंतीवर दहा मीटरवर, म्हणजे साधारण ३३ फुटांवर चिकटवा. पुठ्ठा सुतळीच्या गाठीवर धरा आणि त्या पट्टीची वरची कड बघा. आधी नुसता लांबचा नंबर, मग वर प्लस ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा काचा एकेक करून. प्रत्येक काचेवर निदान दहा सेकंद थांबा, पहिल्या क्षणाला सगळंच स्वच्छ दिसतं. बघायचं ते हे: पट्टीची कड न ओढता, न ताणता, आपणहून काळी कुळकुळीत दिसते का, आणि मागचा गोल करडा झाला तरी गोलच दिसतो का. ज्या सगळ्यात कमी प्लसवर कड आरामात स्वच्छ राहते तो तुमचा. त्याच्या वर गेलात तर गोल पसरून मोठा, फिका होतो आणि पुढं उपयोग नाही. गोल लांबट दिसला किंवा पट्टीला सावलीसारखी दुसरी कड दिसली तर प्लसचा दोष नाही, सिलिंडर परत तपासायला लावा.

चिठ्ठीवरचा हिशोब आणि हा प्रयोग यात फरक आला तर प्रयोगाचं ऐका.

आता फ्रेम. पिस्तूलवाला सरळ उभा राहतो, डोकं सरळ, बघणंपण काचेच्या मध्यातून, म्हणून त्याला साध्या फ्रेममध्ये वरच्या नंबरची सिंगल व्हिजन काच घातली तरी काम होतं. रायफलवाल्याची गोष्ट वेगळी. गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावर, टेकला की डोकं पुढं आणि थोडं तिरकं होतं, नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. काच तिथून बघायला केलेलीच नसते. तिरक्या काचेतून बघितलं की नंबर थोडा बदलतो, नसलेला सिलिंडर तयार होतो, कडेला रंग फुटतात, आणि मायनस ४-५ वाल्यांना हे स्पष्ट जाणवतं. नंबर कितीही बरोबर काढला असला तरी काच नजरेला काटकोनात आणि तिचा मध्य नजरेच्या रेषेत नसेल तर पैसे वाया.

म्हणूनच नोब्लॉक, चॅम्पियन असल्या शूटिंग फ्रेम असतात, एक गोल काच, आणि ती वरखाली, आतबाहेर, तिरकी पाहिजे तशी फिरवता येते. महाग आहेत, आणि पोरगं पुढच्या वर्षी खेळेल का नाही याची खात्री नसताना लगेच घ्यायची गरज नाही. तोपर्यंत एक मार्ग सांगतो. नाकावरचे पॅड वाकवता येतील अशी हलकी मेटल फ्रेम घ्या, काच उभी जरा मोठी असलेली, आणि पॅड आत वाकवून फ्रेम वर चढवून बसवा. दुकानातून तिच्यात आलेली बिननंबरची काच तशीच ठेवून घरी आणा. रिकामी रायफल, पोझिशन घ्या, आणि वहीच्या भोकाला लावतो ते गोल छिद्राचं स्टिकर नेमाच्या काचेवर चिकटवून सरकवत राहा, पीप आणि फ्रंट साइट त्या छिद्राच्या मधोमध येईपर्यंत. पोझिशन सोडून परत घ्या, परत बघा, तीनचार वेळा एकाच जागी आलं की पक्कं. आता फ्रेम तशीच दुकानात न्या आणि सांगा की काचेचा ऑप्टिकल सेंटर, म्हणजे नंबरचा मध्य, या छिद्रात पाहिजे, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजून नको. हे करून मिळतंय, फक्त मोठ्या व्यासाची काच घ्यावी लागते. तिरकेपणा यानं पूर्ण जात नाही, पण मधे आणि कोपऱ्यात जो फरक आहे त्यातला बराच जातो.

शूटिंग फ्रेम घेतलीत तर एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. काच गोल असते आणि होल्डरमध्ये फिरते. नुसता स्फेरिकल नंबर असेल तर फिरली तरी बिघडत नाही. सिलिंडर असेल तर फिरलेली काच म्हणजे चुकीचा चष्मा. दहा अंश फिरली की सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा गेला, तीस अंश फिरली की चष्मा न घालण्याएवढाच सिलिंडर डोळ्याला परत लागतो, फक्त वेगळ्या दिशेनं. निपाणीकडच्या एका मुलीचे स्कोअर असेच आठवडाभर पडत होते, ट्रिगर बघितला, पोझिशन बघितली, शेवटी काच बघितली तर पुसताना फिरलेली. तर काच बसवताना दुकानदाराकडून काचेच्या दोन कडांना आडव्या रेषेत बारीक ठिपके करून घ्या, आणि होल्डरवर त्यांच्या समोर खूण करा. पुसून झालं की ठिपके खुणेवर आहेत का बघायचं, रोज.

ज्यांचा नंबर ४ च्या वर आहे त्यांनी काच डोळ्यापासून किती लांब बसते तेही बघावं. मायनस ६.०० ची काच रोजच्या चष्म्यापेक्षा पाच मिलीमीटर पुढं गेली तर डोळ्याला ती साधारण मायनस ५.८३ एवढीच लागते, म्हणजे थोडा प्लस आपोआप मिसळला गेला, त्यावर परत ०.७५ मिसळाल तर जास्त होईल.

काच कसली घ्यायची? प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल अजिबात नको, नजर जरा वरखाली झाली की नंबर बदलतो. उन्हात काळी होणारी काचपण नको, तिचा रंग तुमच्या हातात नसतो. अँटी रिफ्लेक्शन कोटिंग घ्या, हॉलमधल्या लाइटची मागून येणारी चमक जाते. साधी प्लॅस्टिकची काच, ज्याला सीआर ३९ म्हणतात, ती दिसायला सगळ्यात स्वच्छ. पॉलिकार्बोनेट कडेला रंग फोडते पण फुटत नाही, आणि घरच्या गच्चीवर नाहीतर परसात कामचलाऊ रेंज करणाऱ्यांनी पॉलिकार्बोनेटच घ्यावी, शिशाचा छर्रा कडक पृष्ठभागावरून उलटा येतो. शूटिंग फ्रेमची एकच गोल काच म्हणजे डोळ्याचं संरक्षण नव्हे, दुसरा डोळा तसाच उघडा असतो. रंगीत काचेच्या मागं सुरुवातीला लागू नका. ढगाळ दिवसात २५ किंवा ५० मीटरच्या उघड्या रेंजवर पिवळ्या फिल्टरनं काळं-पांढरं जास्त उठून दिसतं, कडक उन्हाला करडा बरा, पण दोन्ही क्लिपचे घ्या, नंबरच्या काचेतच रंग टाकू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स काही जण घालतात आणि रायफलला त्याचा एक फायदा खरा आहे, डोळा कसाही तिरका असला तरी मध्य डोळ्याबरोबरच जातो. पण नेम धरताना पापणी कमी हलते, डोळा सुकतो, लेन्स पुसट होते, आणि सिलिंडरची लेन्स डोळ्यात फिरू शकते. वर ज्यादा प्लसचा प्रश्न राहतोच. आपल्याकडच्या लाल धुळीत मी तरी पोरांना चष्माच सांगतो.

न नेमायचा डोळा मिटायचा नाही. मिटला की चेहऱ्याचा स्नायू ओढला जातो, दोन्ही डोळे ताणतात. पांढरा, उजेड येऊ देणारा ब्लाइंडर, म्हणजे डोळ्यापुढची झडप, लावा, आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात पुढचा ब्लाइंडर ३० मिलीमीटरपेक्षा रुंद चालत नाही आणि बाजूचे ४० मिलीमीटरपेक्षा खोल चालत नाहीत, मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, अडकायला नको. पिस्तूलवर कसलीही नंबरची काच बसवता येत नाही, ती चेहऱ्यावरच पाहिजे. चष्म्यावर लावायचा आयरिस, म्हणजे लहानमोठं करता येणारं भोक, पन्नाशीच्या पुढच्या पिस्तूलवाल्यांना खूप उपयोगी पडतो, पण भोक हळूहळू लहान करा, उजेड कमी झाला की थांबा, फार बारीक केलं तर कडा परत पुसट होतात. पोरांना त्याची घाई नको.

ट्रॅप-स्कीटवाल्यांना, म्हणजे शॉटगननं हवेतल्या तबकड्या मारणाऱ्यांना, यातलं काहीच लागू नाही. तिथं नजर उडणाऱ्या टार्गेटवर, दोन्ही डोळे उघडे, पूर्ण लांबचा नंबर, मोठी न फुटणारी काच, प्लस शून्य.

चष्मा हातात आला की दुकानातच तोच पुठ्ठा, तीच सुतळी घेऊन परत बघा, ट्रायल फ्रेममध्ये दिसलं तेवढंच स्वच्छ दिसायला पाहिजे, नसेल तर लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या मशीनवर, नंबर, ॲक्सिस आणि सेंटर तपासून दाखवायला सांगा, मागायला लाजू नका. मग पहिले काही दिवस रिकामी, छर्रा न घालता प्रॅक्टिस करा आणि लगेच मॅचला घेऊन जाऊ नका, झिरो, म्हणजे साइटची जुळणी, बदलू शकतो, साइटला क्लिक द्यावे लागतील. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावच्या दमट हवेत काचेवर वाफ धरते, काच भुवईला टेकत असेल तर जरा पुढं घ्या आणि अँटी फॉगचं कापड ठेवा. धूळ बसलेली काच शर्टच्या टोकानं पुसू नका, आधी पाण्यानं धुवा, मग मऊ कापड. पोरांचा नंबर दर सहा महिन्यांनी परत तपासा, उंची वाढली की हातपण लांब होतो, म्हणजे सुतळीची गाठपण परत मोजायला लागणार.